अंगण सोडून

१

दर शनिवारी दुपारचा चहा झाला की इवाबाई आणि त्यांची सून सविता चर्च झाडायला निघायच्या. शिरूरहून दौंडकडं जाताना न्हावऱ्याच्या पुढं, भीमेच्या अलीकडं मिशनमळा म्हणून वस्ती लागते. गोऱ्या मिशनऱ्यांच्या वेळची. थोडी घरं, एक बंद पडलेली शाळा आणि काळ्या दगडाचं, मंगलोरी कौलांचं चर्च. चर्चपुढं मोठं मातीचं अंगण, त्यात एक कडुलिंब आणि एक हातपंप. अंगणाला रचलेल्या दगडांचा गडगा, त्यापलीकडं हौसराव शेळक्यांचा ऊस, आणि उसापलीकडं नदी.

इवाबाई आत झाडायच्या, सविता बाहेर. सविता कवठे येमाईची, येमाईदेवीला मानणाऱ्या घरातली. लग्नाच्या आधीच तिनं सांगून टाकलं होतं, "मी तुमच्या घरात येते. तुमच्या देवळात न्हाई येणार." इवाबाईंच्या मुलाला, ख्रिस्तोफरला, ते चाललं. इवाबाईंना चालायला जरा वेळ लागला. मग एका पहाटे सणसवाडीहून रात्रपाळी करून येताना ख्रिस्तोफर हायवेवर अपघातात गेला. त्याच्या दुःखात इवाबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुबा मोडून बसल्या. सविताचा बाप तिला न्यायला टेम्पो घेऊन आला, तेव्हा ती म्हणाली, "ह्यांना उठून बसवायचं कुणी?" टेम्पो रिकामाच परत गेला. हाड जुळलं, तरी सविता राहिली. रविवारी सासूचा हात धरून ती चर्चच्या पायरीपर्यंत यायची आणि उपासना होईस्तोवर लिंबाखाली शेंगा सोलत बसायची. बाहेर बसून बसून तिला सगळी गीतं पाठ झाली होती.

त्या शनिवारी इवाबाई बाकांखालून झाडू फिरवत होत्या. दिवाळी होऊन गेली होती, ऊन मऊ झालं होतं. बाहेर सविताचा खराटा खरखरत होता. तेवढ्यात त्यांना आतून दुसरा आवाज आला. टक. थोडं थांबून पुन्हा टक. दगडावर कुणी वाळकी काठी टेकवावी तसा.

प्रभुभोजनाच्या मेजाशी एक माणूस पाठमोरा उभा होता. अंगात साधा मातकट रंगाचा शर्ट. हातात लांब बोरू, नदीकाठी उगवतो तसाच, पण हाडासारखा पांढरा. तो बोरू मेजावर आडवा धरायचा, उचलायचा, पुढं टेकवायचा. टक.

मिशनच्या जमिनीची मोजणी काही नवीन नव्हती. कोर्टकज्जे चालूच असायचे. इवाबाईंना वाटलं, कचेरीचा माणूस असेल. पण हल्ली मोजणीवाले तिपाईवर यंत्र लावतात, हे त्यांनी हौसरावांच्या बांधावर डोळ्यांनी पाहिलं होतं. बोरूनं कोण मोजतं?

"कुठल्या कचेरीतून आलात?" त्यांनी विचारलं.

तो मोजतच राहिला. मेज झालं, भिंत झाली, बाकं झाली. इवाबाई वाकून झाडू उचलायला गेल्या, आणि मानेपासून टाचेपर्यंत त्यांच्या पाठीवर काहीतरी गार, सरळ टेकलं. टक. त्या ताठ होऊन वळल्या. चर्च रिकामं होतं.

त्या बाहेर आल्या. सविता दारासमोरच उभी होती.

"तो माणूस कुठं गेला गं?"

"कंचा माणूस? मी हितंच हाय की. दारातून कोण आलं न्हाई आन् गेलं न्हाई."

चर्चला दार एकच होतं.

२

पाळकघर चर्चच्या मागं होतं. पाळक सॅमसन हा इवाबाईंचा विद्यार्थी. रविवारच्या शब्बाथ शाळेत त्यांच्यासमोर बसून त्यानं अक्षरं गिरवली होती, त्यामुळं तो पाळक झाला तरी त्या त्याला अरेतुरेच करायच्या. त्याची आई गिताबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"मोजणी मागवलीस काय रे?" इवाबाईंनी विचारलं.

"नाही, बाई. आणि आज शनिवार. कचेरी बंद." मग तो हळू आवाजात म्हणाला, "बोरू होता का हातात?"

सॅमसनचा चेहरा तापातून उठलेल्या माणसासारखा उजळला होता.

"मला आधीच मोजलं, बाई. सकाळच्या प्रार्थनेत गुडघ्यावर होतो तेव्हा. आईलाही. तुमचं राहिलं होतं म्हणून माझ्या जिवाला घोर होता." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बायबलात शेवटी शेवटी काय येतं आठवतं ना? तुम्हीच शिकवलंत. मंदिर मोजायचं, वेदी मोजायची, आत उपासना करणारे मोजायचे."

"आणि अंगण सोडायचं," इवाबाई म्हणाल्या. त्यांना आठवत होतं. मुलांना हे शिकवताना त्या इथं नेहमी जरा घाईनं पुढं जायच्या. "ते, म्हणजे बाहेरचं सगळं, तुडवायला दिलंय म्हणून."

"मोजलं ते राखलं, बाई. आपण आत आहोत. त्याचे आभार माना."

"सविता कुठं बसते, सॅमसन?"

ओट्यावर गिताबाईंचा हात सुपात थांबला.

"ते आपल्या हातात नाही," सॅमसन म्हणाला. "त्याचा न्याय आहे. आपण कोण विचारणार?"

"मी विचारणार," इवाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

घरी येताना मात्र त्यांनी स्वतःचीच समजूत घातली. सॅमसन हल्ली फार उपास करतो. आपली साखर दुपारी उतरते, कधीमधी डोळ्यांपुढं काहीबाही येतं. दोन दमलेल्या माणसांना एकच गोष्ट दिसली, एवढंच. त्याच विचारात त्या चर्चच्या मागून, स्मशानभूमीच्या कडेनं आल्या. तिथं गवत गुडघाभर वाढलेलं. पण कबरींच्या भोवतीनं ते सरळ रेघांच्या चौकटीत दबलं होतं, काठी टेकवत कुणी गेल्यासारखं. ख्रिस्तोफरची कबर त्या चौकटीच्या आत होती.

३

दुसऱ्या दिवशी रविवार. इवाबाई नेहमीच्या बाकावर बसल्या, दाराशेजारी, म्हणजे लिंबाखालची सविता दिसते. पहिलं गीत झालं, सॅमसननं प्रार्थनेला सुरुवात केली, आणि इवाबाईंच्या लक्षात आलं की काहीतरी कमी आहे.

बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं.

दार सताड उघडं होतं. अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. गडग्यापलीकडून उसाची ट्रॉली चालली होती. त्या ट्रॅक्टरवर गाण्याचा भोंगा असतो, चार शेतं पलीकडं ऐकू जातो. आत्ता ती ट्रॉली चित्रातल्यासारखी सरकत गेली. हातपंपाशी सविता कुणाशी तरी बोलत होती. तिचे ओठ हलत होते, ती हसली, पंपाचा दांडा वर-खाली झाला. कशाचाच आवाज नाही. आतली खोकल्याची उबळ, गीतपुस्तकाच्या पानांची सळसळ, सॅमसनचा श्वास मात्र अगदी कानाशी असल्यासारखा.

कानात मळ झाला असेल, त्यांना वाटलं. त्या हळूच उठल्या आणि उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलं. त्यासरशी कोंबड्या, भोंगा, पंपाची करकर, सगळं एकदम अंगावर आलं. पाऊल मागं घेतलं, तर पुन्हा शांत. त्यांनी ते दोनदा करून पाहिलं.

बाकावरच्या लोकांना काही वाटलेलं दिसत नव्हतं. उलट सगळ्यांचे चेहरे निवांत होते. आज प्रार्थनेत लक्ष छान लागतंय, असे.

४

त्याच आठवड्यात हौसराव चर्चच्या अंगणात पंपावर पाणी प्यायला आले आणि तोंडातला घोट त्यांनी थुंकून टाकला. हौसराव सत्तरीचे, पागोटं सोडलेलं नाही. मिशनमळ्याशी त्यांच्या घराचा चांगला घरोबा. त्यांची पोरं मिशनच्या शाळेत इवाबाईंच्या हाताखाली शिकली.

"बाई, पंपात काय पडलंय का? पाणी कडू झालंय. लिंबाचा पाला खाल्ल्यावानी."

"मी रविवारपासून म्हंते, आत्या," सविता म्हणाली. "तुम्ही म्हंता मला भास होतोय."

इवाबाईंनी एकाच तांब्यातून दोन पेले भरले. एक स्वतः प्यायल्या. पाणी गोड होतं, इतकं गोड की या पंपाला कधी आलंच नव्हतं. दुसरा पेला त्यांनी सविताला दिला. घोट घेतल्यावर तिचं तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं. मग इवाबाईंनी स्वतःचा उष्टा पेलाही तिला दिला. तोही कडू.

कारखान्यांचं पाणी जमिनीत मुरतं, असं त्या म्हणणार होत्या. पण कारखान्याच्या पाण्याला माणसं ओळखू येत नाहीत.

"आन् दुसरं एक दाखवायचंय," हौसराव म्हणाले. "ऊस बघा माझा."

गडग्यावरून बघितलं तर नदीपासून उसाच्या मध्यापर्यंत एक मोठा पट्टा आडवा झाला होता. रानडुकरं शिरली की ऊस मोडतो, चावलेली कांडी पडतात, खुरांनी चिखल होतो. वाऱ्यानं पडला तर सगळा एका अंगाला कलतो. इथं तसं काही नव्हतं. ऊस वरून दाबला होता. कांडी जमिनीत रुतून चपटी झाली होती, आणि पट्ट्याची कड सुरीनं कापल्यासारखी होती.

"काल ह्यो पट्टा नदीच्या काठालाच हुता," हौसराव म्हणाले. "आज हितवर आलाय. माझी म्हातारी म्हंती, आवाज कसा न्हाई आला? मी काय सांगू?"

इवाबाईंनी नदीपासून गडग्यापर्यंत नजर फिरवली. तो पट्टा सरळ अंगणाकडं येत होता. त्यांना भीती वाटली, आणि भीतीखाली आणखी काहीतरी होतं. शाळेत एखाद्या हेडमास्तरनं विनाकारण पोराला मारलं की जे त्यांच्या अंगात चढायचं, ते.

५

"एकदा आत येऊन बस," इवाबाई रात्रीच्या जेवणाआधी सविताला म्हणाल्या. "बाप्तिस्मा नको, काही नको. नुसती माझ्याशेजारी बस."

त्यांनी तिला सगळं सांगितलं. सविता ऐकत राहिली. ती हसली नाही, यानंच इवाबाईंना जास्त भीती वाटली.

"माझ्या येमाईला काय सांगू?" सविता म्हणाली.

"सांग, सासूनं हट्ट केला."

सवितानं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. "तुमच्यासाठी येते," ती म्हणाली. "देवासाठी न्हाई."

सकाळी दोघी गेल्या. चर्चमध्ये कुणी नव्हतं. सवितानं उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला, जसा ती कुठल्याही उंबऱ्याला करायची, आणि आत आली. दोघी बाकावर शेजारी शेजारी बसल्या. इवाबाईंनी तिचा हात धरला. हात ऊबदार होता. त्यांना जरा धीर आला.

"ऐकू येतंय का तुला बाहेरचं?" त्यांनी विचारलं.

सवितानं त्यांच्याकडं बघितलं. तिचे ओठ हलले.

इवाबाईंना काही ऐकू आलं नाही.

सविता पुन्हा बोलली. तिच्या गळ्याची शीर हलत होती, बांगड्या एकमेकींवर आपटत होत्या, बाक तिच्या वजनानं वाकलं होतं. हातभर अंतरावर ती बसली होती आणि तिचा श्वाससुद्धा येत नव्हता. इवाबाईंनी कान तिच्या छातीला लावला. साडीतून ऊब लागली. ठोका लागला नाही.

मोजणी होऊन गेली होती. आता आत येऊन उपयोग नव्हता.

त्यांनी सविताला ओढतच अंगणात आणलं. तिथं तिचा आवाज आला, रडवेला, "आत्या, काय झालं, बोला की."

"काही नाही," इवाबाई म्हणाल्या. बऱ्याच वर्षांनी त्यांना इतका राग आला होता. चर्चच्या दाराकडं तोंड करून त्या म्हणाल्या, "माझ्या पोराची बायको आहे ती. मी पडले तेव्हा हिनं मला उचललं. तेव्हा तुझा मोजणारा कुठं होता?"

६

रविवारी घंटा झाली तेव्हा इवाबाई लिंबाखाली सतरंजी टाकून बसल्या होत्या. आत जाणारे लोक थांबून विचारत होते, पाय दुखतोय का. सॅमसन स्वतः पायरी उतरून आला.

"बाई, तुम्ही आतल्या आहात. हे बंड आहे."

"असेल."

"कुणाशी बंड करताय, कळतंय का तुम्हाला?"

"चांगलं कळतंय. मीच शिकवलंय तुला. जा, उपासना सुरू कर."

तो गेला. गीत सुरू झालं. सविता सवयीनं हळू आवाजात म्हणू लागली. हौसराव गडग्यावर येऊन बसले होते. त्यांचा ऊस आता गडग्यालगत थोडाच उभा राहिला होता.

मग अंगणातला आवाज ओसरू लागला. आधी पाखरं गेली. मग पानं. कोंबड्या सगळ्या एका दिशेला, नदीकडं, माना वळवून उभ्या राहिल्या. हौसराव काहीतरी म्हणाले, ते पोचलं नाही. गडग्यापलीकडं उसाची एक ओळ खाली बसली. मोडली नाही, पडली नाही, नुसती बसली, गादीवर हात दाबावा तशी. मग पुढची.

इवाबाईंना मागून आवाज आला. टक.

तो दारात उभा होता, उंबऱ्याच्या आत. चेहऱ्यावर आतला अंधार होता.

"आत या," तो म्हणाला. आवाज साधा होता, दवाखान्यात नंबर पुकारतात तसा.

"हिला मोजा. मग येते."

"अंगण सोडायचं आहे."

इवाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पायऱ्या चढल्या आणि त्यांनी बोरूचं टोक धरलं. तो बोरू नव्हताच. लोखंडासारखा जड होता, आणि गार इतका की तळव्याची कातडी चिकटली. त्यानं अडवलं नाही. त्यांनी तो बोरू उंबऱ्याबाहेर ओढला, पायऱ्यांवरून खाली, सतरंजीपर्यंत, आणि सविताच्या खांद्याला लावायला गेल्या.

बोरू कमी पडला. वीतभर. सविता पुढं सरकली, तरी वीतभर. इवाबाईंनी जोर लावला, तळवा सोलवटला, रक्त आलं, बोरू सगळं चर्च मोजून झालेला, आणि या पोरीच्या खांद्याला पोचत नव्हता.

त्यांनी तो खाली टाकला. तो जमिनीवर पडल्याचा आवाज झाला नाही. दारातला माणूस वाट बघत होता.

"आत या," तो पुन्हा म्हणाला. "तुम्ही मोजलेल्या आहात."

इवाबाई एकदम थांबल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, जे बघून सविता अजूनही म्हणते की मला त्या माणसापेक्षा तेव्हा आत्यांचंच भ्या वाटलं.

"आहे ना मोजलेली?" त्या म्हणाल्या. "मग मी बसते इथं. माझ्यावरून तुडवत जा म्हणावं."

आणि त्या गडग्याकडं तोंड करून, सविताला पाठीशी घेऊन बसल्या. गडग्यावरून धावत आलेल्या हौसरावांनाही त्यांनी मनगट धरून आपल्या मागं खाली ओढलं.

उसाची शेवटची ओळ बसली. आता गडग्यापलीकडं काही नव्हतं, नुसता दाबलेला हिरवा लगदा नदीपर्यंत. ऊन होतं. पण त्या मोकळ्या जागेवरच्या हवेतून नदीपलीकडची झाडं वाकडी, मोठी दिसत होती, पाण्यातून दिसावीत तशी. गडग्याच्या वरच्या ओळीतले दगड एकेक करून खाली दबले. मग ते थांबलं. आणि ती वाकडी हवा हळूहळू खाली आली. इवाबाईंना कळलं की तुडवत आलेलं ते जे काही होतं, ते वाकलं आहे. वाकून बघतं आहे.

त्यांनी डोळे मिटले नाहीत. तळव्यातून रक्त ठिबकत होतं. बोलायला आवाज नव्हता, तरी त्या गीताचं पुढचं कडवं म्हणत राहिल्या, आणि पाठीला लागलेल्या सविताच्या छातीतून त्यांना जाणवलं की तीही म्हणते आहे.

७

लोक बाहेर आले तेव्हा पाखरं ओरडत होती. दारात कुणी नव्हतं. ऊस बघून सगळ्यांनी तोंडाला हात लावले. तालुक्याचा माणूस येऊन गेला, वावटळ म्हणाला. दवाखान्यातल्या माणसानं अंगणातच येऊन इवाबाईंच्या तळव्याला पट्टी केली आणि विचारलं, भाजलं कशानं?

रात्र अंगणात काढून सोमवारी दुपारी इवाबाई घरी जाऊन जरा आडव्या झाल्या. तेवढ्यात गडग्याचा अर्धा भाग जमिनीत गेला, आणि लिंबाची नदीकडची फांदी वरून दाबल्यासारखी खाली वाकली. सविता पंपाशी होती. ती पळत घरी आली आणि तिनं सासूला हलवून उठवलं. इवाबाईंनी खुर्ची उचलली आणि त्या अंगणाकडं निघाल्या.

तेव्हापासून त्या अंगणात आहेत. तिथंच जेवतात, तिथंच झोपतात, थंडी पडली तेव्हा हौसरावांनी गोधडी आणून दिली. पाणी सविताला अजून कडूच लागतं. ती गूळ घालून पिते. सॅमसन रोज दारात उभा राहून त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, उंबऱ्याच्या आतून. त्याला वाटतं बाईंना भूल पडली आहे. कधी कधी इवाबाईंनाही तसंच वाटतं. मग त्या गडग्याच्या जागेकडं बघतात. तिथं हवा अजून वाकडी आहे.

एका संध्याकाळी त्यांना फार ताप भरला. खुर्चीतून मान पडत होती. सविता रडकुंडीला आली, कारण त्यांना घरी नेता येत नव्हतं आणि इथं ठेवता येत नव्हतं. तेव्हा चर्चच्या मागून गिताबाई आल्या, सॅमसनची आई, काखेत पाट घेऊन. दारातून सॅमसन म्हणाला, "आई, कुठं चाललीस? आत ये." त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

"ऊठ, इवा," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन झोप चार दिवस. मलाबी मोजलंय. मी बसते."

"तुला दिसतं का ते?" इवाबाईंनी विचारलं.

गिताबाईंनी नदीकडं बघितलं. त्या एक पाऊल मागं सरल्या. तरी त्यांनी पाट टाकला, त्यावर मांडी घातली आणि पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला.

"दिसतं की," त्या म्हणाल्या. मग समोरच्या रिकाम्या जागेकडं हनुवटी करून, वस्तीवर उशिरा आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशा म्हणाल्या, "तुला थांबायचं तर थांब बाबा. आम्ही काय उठत न्हाई."